बांधाचा राखणदार

फार पूर्वी कोसल देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुवेणा नदीकाठच्या नळग्रामात सुताराच्या कुळात जन्मला होता. त्या गावच्या बांधावर कुंडक नावाचा राखणदार असे. नदी चढू लागली की भेरी वाजवून गावाला सावध करायचे, एवढेच त्याचे काम.

एका श्रावणात, गाव जेवायला बसले असताना, नदीने बांध फोडला. लोंढा अंगावर येताना पाहून कुंडक जीव घेऊन टेकडीकडे पळाला. भेरी वाजलीच नाही. त्या दिवशी नऊ माणसे वाहून गेली. त्यांत बोधिसत्त्वाची मुलगीही होती.

पाणी ओसरल्यावर चिखलातच सभा भरली. कुंडकाचे हात बांधून त्याला मधोमध बसवले. त्यालाही नदीत लोटावे, असेच बहुतेकांचे म्हणणे पडले. गावचा प्रमुख असलेला ग्रामणी म्हणाला, की ज्याची लेक गेली त्या सुतारानेच निवाडा द्यावा. चिखलाने भरलेली दोन पावले आपल्याकडे येताना कुंडकाला दिसली.

बोधिसत्त्व त्याच्यासमोर बसला. "पाणी पहिल्यांदा कुठून शिरले?"

"वरच्या वळणावर भेग होती. दोन दिवस मी ती पाहत होतो," कुंडक म्हणाला. "लावणी सोडून या म्हटले तर लोक चिडतील, म्हणून गप्प बसलो. आणि पाणी आले तेव्हा पळालो."

एकच गलका उठला. कोणीतरी त्याचा दंड धरून त्याला नदीकडे ओढले. बोधिसत्त्वाने दुसरा दंड धरला आणि सोडला नाही.

"माझाही हात याच्या गळ्याकडे जातो आहे," तो म्हणाला. "पण नदी पुन्हा चढणार. बांध कुठे खचला, पाणी कुठवर आले, हे पाहिलेला हा एकटाच आहे. याला बुडवले, तर उद्या भेग दिसलेला दुसरा कोणी तोंड उघडणार नाही."

मग ग्रामणीनेच दोर सोडला.

कुंडकाने दाखवलेल्या पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर, टेकडीच्या उतारावर, गाव नव्याने वसले. घरांच्या तुळया बोधिसत्त्वाने तासल्या. वरच्या वळणावरचा बांध गावाने दुप्पट रुंद केला. दरवर्षी त्या दिवशी चूल न पेटवता सारे तिथे जमत आणि कुंडक सगळे सांगे, आपण पळालो तेही. शेवटी गेलेल्यांची नावे घेई. पहिल्या वर्षी आठ नावे घेऊन तो थांबला. नववे त्याच्या ओठांवर येईना. तेव्हा बोधिसत्त्व उठून त्याच्या शेजारी उभा राहिला.

"रोहिणिका," तो म्हणाला.

मग कुंडकानेही ते नाव घेतले.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुंडक म्हणजे आपला दोष कबूल करून आज संघात परतलेला हा भिक्षू. ग्रामणी म्हणजे माझा शिष्य आनंद. आणि तो सुतार मीच होतो." शोकाने जळत असतानाही सूड आवरणे, हीच क्षांती, खरी क्षमा.