हात धुण्याचं पाणी

“...ते राहू दे. सोबत काय आणलंस, ते सांग.”

मकबूलबाबा कुणालाही पहिल्यांदा हेच विचारतात. पूर्वी ते ह्याच जकात नाक्यावर कारकून होते. गावात माल आला की काय आणलंस म्हणून विचारायचं, नगरपालिकेचा कर घ्यायचा, पावती फाडायची आणि आडवा बांबू वर करायचा. मग एक दिवस मुंबईहून कागद आला, कायदा बदलला, जकात बंद. बाकीचे कारकून दुसऱ्या खात्यांत गेले. बाबा इथेच राहिले. घेत काही नाहीत. विचारतात तेवढं. गावात कुणाचं काही अडलं की तो सल्ल्याला त्यांच्याकडेच येतो.

नवा रस्ता बाहेरून गेल्यापासून इकडे गाडीही फिरकत नाही. बांबू वर गेला तो वरच राहिला.

फाल्गुन संपत आलेला, दुपार कललेली. कडुलिंबाचा फुलोरा सावकाश गळत होता. ऊन पिवळं, सुस्त. खरं सांगतो, आपण जागे आहोत की डोळा लागलाय, तेच कळत नव्हतं.

“निधी आणला, बाबा,” आमचे नगराध्यक्ष शिवदास ढवण म्हणाले. छाती फुगली होती. का फुगू नये? चार महिने मुंबईच्या खेपा झाल्या होत्या. प्रत्येक खेपेला फाईल काखेत धरून मी मागे. मी पालिकेतला साधा लिपिक, आताही तसाच उभा होतो.

“कशाचा निधी?”

“कारंज्याचा. मोठ्या चौकात. रंगीत दिवे, गाण्याच्या तालावर पाणी उडणार. अख्ख्या जिल्ह्यात नाही असं.”

बाबांनी डोळे मिटले.

म्हातारा झोपला की काय, असं मला वाटलं.

“नळाला पाणी कधी येतं रे हल्ली?”

“नवव्या दिवशी.”

“आणि कुंभारवाड्यात?”



कुंभारवाडा चढावर आहे. तिथली पाइपलाइन आजोबांच्या वयाची. नवव्या दिवशीही पाणी तिथवर चढत नाही. बायका खालच्या विहिरीवरून हंडे वाहतात. निवडणुकीत अध्यक्षांनी तिथेच, सरूआजीच्या ओट्यावर बसून शब्द दिला होता. आजीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला होता. म्हणाली होती, “दारात नळ आण रे लेकरा. मग मी मरायला मोकळी.”

“मी पाइपलाइनच मागितली होती, बाबा.” अध्यक्षांचा आवाज एकदम उतरला. “पहिल्या दिवसापासून तेच मागत होतो. मुंबईवाले म्हणाले, यंदा पैसा फक्त सुशोभीकरणाला आहे. तेवढ्यालाच वापरायचा. दुसरीकडे वळवला तर माझ्यावर कारवाई. उद्या अकराला सभा आहे. ठराव झाला नाही तर मार्चअखेर पैसा परत जातो.”

“मग जाऊ दे.”

“आणि पुढच्या वर्षी? ह्यांना दिलेलं खर्च करता येत नाही, असा शेरा बसतो. मग काहीच मिळत नाही.”

“आपल्या तिजोरीतून कर.”

अध्यक्ष हसले, कडवट. “तिजोरी? ती ह्या नाक्यावर होती, बाबा. तुमचा बांबू वर गेला, त्या दिवशी तीही गेली. आता सगळं वरून येतं. काय करायचं ते तेच ठरवतात, अटी घालतात तेच. अहो, नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हेसुद्धा तेच ठरवतात. मी नुसता सही करणारा.”

“सही करणाऱ्याची छाती मघाशी बरीच फुगली होती...”

मला हसू आलं. मी फाईल तोंडासमोर धरली.

अध्यक्षांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “घसा कोरडा पडलाय. पाणी द्या जरा.”

बाबा उठले. खोलीच्या दाराशी एकच माठ. त्यातून लोटा बुडवला, आणून अध्यक्षांच्या हातात दिला.

“हे हात धुवायला. पिऊ नकोस.”

अध्यक्षांनी बाबांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. हात स्वच्छ होते. तरी त्यांनी धुतले. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या उन्हात, त्या शांततेत ते बरोबरच वाटलं. स्वप्नात आपण सांगतील ते करत जातो, तसं.

“आता पाणी...”

बाबांनी दुसरा लोटा आणला. “हे पाय धुवायला.”

अध्यक्षांनी चपला काढल्या. पाय धुतले. नाक्याच्या फरशीवर ओल पसरली आणि बघता बघता वाळली. त्यांचे ओठ पार सुकले होते. मला त्यांची दया आली. आणि रागही आला, सांगतो ना, माणूस एवढा शहाणा आणि निमूट पाय धुतोय!

तिसरा लोटा आला.

“हे त्या भिंतीवर शिंपड. बरी दिसेल.”

“बाबा!” अध्यक्ष ओरडले. “तहान मला लागलीय. मला!”

“दिसतंय मला.”

“मग भिंतीवर कशाला?”

“ह्या वेळेला भिंतच ठरलीय.”

“मला नको असलं पाणी.”

“परत दे मग.” बाबांनी शांतपणे हात पुढे केला. “पण पुन्हा मागायला आलास तर लोटाही मिळायचा नाही.”

अध्यक्षांनी लोटा परत केला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मुंबईच्या त्या टेबलासमोर ते असेच बसले होते, फाईल धरून. मी पाहिलंय.

फुलोरा गळत राहिला. लांब कुठेतरी होला घुमत होता.

“बाबा,” अध्यक्षांनी हळूच विचारलं, “तुमच्याकडे तर नळही नाही. हा माठ भरतो कोण?”

“सरू.”

“कोण सरू?”

“कुंभारवाड्यातली. रोज सकाळी एक हंडा आणून ओतते. नको म्हटलं तर भांडते. म्हणते, तुम्ही एकटे, म्हातारे, कुठं जाल पाण्याला? स्वतः काय तरणीताठी आहे का ती! वाटेत तीनदा बसते.”



लोटा भरलेला होता. बाबा आता आडवे येत नव्हते. अध्यक्षांनी तो ओठांपर्यंत नेला... आणि थांबले. पुन्हा नेला. घोट घ्यायचं धाडस होईना. शेवटी उठले, माठापाशी गेले आणि सगळं पाणी परत माठात ओतलं. थेंब सांडू नये म्हणून लोट्याची कड डाव्या हाताने धरली होती.

परत येऊन बसले तेव्हा डोळे भरलेले. नगराध्यक्षाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. कुठे बघावं ते कळेना.

“तिच्या साबणावरचा कर,” ते म्हणाले, “तिच्या तेलमिरचीवरचा कर... सगळा इथूनच वर जातो ना, बाबा?”

बाबांनी वर गेलेल्या बांबूकडे पाहिलं.

“आणि खाली येतो तो कारंजं होऊन.”

अध्यक्षांनी डोळे पुसले.

“मी नाही म्हटलं तर पैसा जातो. हो म्हटलं तर चौकात पाणी नाचेल आणि आजी हंडा घेऊन त्याच्या बाजूने चढ चढेल. अटी मी घातल्या नाहीत. कायदा मी केला नाही. पण हात वर होणार तो माझा. उद्या अकरा वाजता.” त्यांनी माझ्याकडे हात केला. मी फाईल दिली. ठरावाचा मसुदा वरच होता, टाइप करून आणलेला, खाली सहीची जागा कोरी. “काय करू? एवढं तरी सांगा. तुमच्या पाया पडतो.”

बाबांनी कागद हातात घेतला. चष्मा नव्हता. उलटा की सुलटा हेही न बघता त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग नीट घडी घातली आणि अध्यक्षांच्या खिशात सरकवली.

“आज घरी जाऊ नकोस. तसाच कुंभारवाडा चढ.”

“चढतो. आणि?”

“हा ठराव सरूला वाचून दाखव. मोठ्यानं. एक अक्षर गाळू नकोस... ऐकून ती खूश झाली, तर मंजूर कर.”