दोन्ही टोकांना लागलेला ऑक्सिजन

एकदा एक वृद्ध रसायनशास्त्रज्ञ टेकडीवरच्या एका विद्यापीठात शिष्यांना शिकवीत असत.

चिरलेले वांगे पाण्यात टाकले नाही तर काळे पडते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. वांग्यातलेच एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन हे काम करते. आपल्या यकृतातही अशी एन्झाइमे असतात. पोटात गेलेल्या औषधाला ती ऑक्सिजन जोडतात. ऑक्सिजन योग्य जागी लागला तर औषध लघवीवाटे निघून जाते. भलत्या जागी लागला तर त्याचेच विष होते.

हे जोडकाम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिष्य संगणकावर त्याची नक्कल करीत. एन्झाइमचे अणू मांडायचे, त्याच्या खोबणीत औषध बसवायचे आणि ऑक्सिजनला कोणती वाट सोपी हे गणिताने पाहायचे. प्रत्येक वाटेवर ऊर्जेचा एक घाट असतो. ज्या वाटेचा घाट ठेंगणा, तिकडे ऑक्सिजन जातो. मात्र औषध कोणत्या कुशीवर ठेवायचे, पाण्याचा रेणू कोठे बसवायचा, हे मांडणाऱ्याच्या हाती असते.

एका व्यापाऱ्याने लहान मुलांना येणाऱ्या फिटवर नवे औषध काढले होते. मुलांनी ते वर्षानुवर्षे घ्यायचे होते. त्या औषधाच्या रेणूला एक डोके आणि एक शेपूट. शेपटीला ऑक्सिजन लागला तर निर्धोक. डोक्याला लागला तर यकृत जायचे. व्यापारी एका हुशार शिष्याला म्हणाला, "आमच्या माणसांच्या मते शेपटीलाच लागतो. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या. सरांची सही झाली की यकृताच्या पेशींवरच्या तपासणीचा खर्च वाचेल. मग आमच्या कंपनीतली खुर्ची तुमचीच."

शिष्याने सिद्ध करून दिले. व्यापारी पेढे घेऊन सहीसाठी आला. वृद्धांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या."

तो गेल्यावर ते शिष्याला म्हणाले, "परदेशात हेच औषध यकृताच्या जिवंत पेशींवर तपासलंय. ऑक्सिजन डोक्याला लागला. त्यावरून काढलेली घाटाची उंची सोळा. बघ जरा."

शिष्याचा चेहरा उतरला. काही दिवसांनी मात्र तो हसतच आला. त्याच वेळी व्यापारीही दारात उभा होता.

"सर, चूक माझीच होती. पाण्याचा एक रेणू भलत्या जागी होता. तो हलवला, औषध जरा कलतं केलं. डोक्याचा घाट अगदी सोळा आला!"

व्यापारी मटकन खुर्चीत बसला.

वृद्ध म्हणाले, "परदेशात कोणी काही तपासलेलं नाही. सोळा हे माझ्या नातीचं वय. तुझ्या संगणकानं ते बरोबर ओळखलं. तिची पत्रिकाही मांडून घेऊ का?"

व्यापाऱ्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे शेपूटच खरी! घाबरवलंत की हो सर. करा सही."

"सही?" वृद्धांचा आवाज चढला. "शेठ, तुम्ही शेपूट सांगितली, यानं शेपूट आणली. मी डोकं सांगितलं, यानं डोकं आणलं. उद्या शिपायानं मधलं पोट सांगितलं तर हा तेही आणील. यावर मी सही करू?"

"पण सर, तुम्ही चक्क खोटं बोललात!"

"बोललो. माझं खोटं या खोलीत मेलं. तुमचं पोरांच्या पोटात जाणार होतं."

शिष्याला रडू आवरेना. "सर, मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. जे आलं तेच दाखवलं."

"तेच तर वाईट! खोटा आकडा लिहिणाऱ्याला आपण चोर आहोत हे ठाऊक असतं. तुला तेही ठाऊक नाही. उत्तर मनासारखं आलं की तू थांबलास. नाही आलं की पाणी हलवलंस. शेठला विचारलंस, मला विचारलंस. अरे, त्या एन्झाइमला कधी विचारलंस?"

शिष्याने आपला कागद उचलून परत घेतला.

"आता सांग. ऑक्सिजन कुठं लागतो?"

"ठाऊक नाही, सर."

"मला नको सांगूस. यांना सांग."

व्यापारी सावकाश म्हणाला, "विचार करून बोला हं. एक तारखेपासून खुर्ची तुमची आहे."

शिष्याने डोळे पुसले. "शेठ, हे औषध मुलांना देऊ नका. आधी पेशींवर तपासा. माझ्या कागदाला काही अर्थ नाही."

"तुमच्यासारखे छप्पन्न मिळतील!" असे म्हणून व्यापारी तावातावाने निघून गेला. मिळतीलही. हवे ते सांगणारा शहाणा बाजारात केव्हाही मिळतो, आणि लोक त्याला शास्त्र म्हणून नमस्कार करतात. याचाच संताप येतो.

शिष्याने विचारले, "सर, ही नक्कल करणं सोडून देऊ?"

"का म्हणून? डोळ्याला न दिसणारा क्षण ती दाखवते. दोष तिचा नाही, तिला दटावणाऱ्याचा आहे. मांडणी आधी पक्की कर. अमुक रेणू इथंच का, हे मला पटवून दे. मग गणित चालव, आणि उत्तर आल्यावर कशालाही हात लावू नकोस. आपण आपल्याच प्रयोगशाळेत पेशींवर तपासून घेऊ. पेशींचं उत्तर तुला कळायच्या आधी तुझं उत्तर सगळ्यांसमोर सांग. चुकलं तर चुकलं. ज्याची चुकायची तयारी नाही, त्यानं विचारूच नये."

शिष्य संगणकापुढे बसला. त्याने जुनी मांडणी पुसली आणि औषध पुन्हा खोबणीत ठेवायला घेतले. कोणते टोक यायला हवे, हे या वेळी त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याचे हात प्रथमच सावकाश चालत होते.