फरकाची रक्कम

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध आचार्य एकदा व्याख्यानासाठी लांबच्या एका शहरी निघाले. तिथल्या मराठी मंडळाची व्याख्यानमाला होती. त्याच मालेत त्यांच्या एका शिष्याचेही व्याख्यान होते, म्हणून तोही त्याच गाडीने निघाला. शिष्य म्हणजे काही कोवळा विद्यार्थी नव्हे. पंचावन्नीला टेकलेला, स्वतः प्राध्यापक झालेला गृहस्थ. बरोबर त्याची पत्नी होती. तीन महिन्यांपूर्वी तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. जरा हवापालट होईल, म्हणून तो तिला घेऊन निघाला होता.

आचार्यांची एक गोष्ट व्याख्यानमालांच्या जगात सर्वश्रुत होती. मंडळे वक्त्याला आणि त्याच्या पत्नीला पहिल्या वर्गाचे भाडे देत. आचार्य ते घेत, शयनयानाची साधी तिकिटे काढत, आणि फरकाची रक्कम पाकिटात घालून कार्यवाहांच्या हाती परत करत. मग अध्यक्ष ही हकिकत सभेत सांगत आणि टाळ्या पडत. व्याख्यान सुरू होण्याआधीच सभा निम्मी जिंकलेली असे.

शिष्याने गुरूकडून पुष्कळ घेतले होते. त्यात हेही घेतले. या खेपेलाही त्याने शयनयानाची दोन तिकिटे काढली होती, आणि फरकाचे पाकीट वर मंडळाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते. त्याच्या व्याख्यानाचा विषयही ‘अपरिग्रह’ हाच होता.

सकाळी फलाटावर त्याला धक्का बसला. आचार्य शयनयानाकडे न वळता काठी टेकत सरळ पुढे गेले आणि पहिल्या वर्गाच्या डब्यात चढले. एकटेच. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली. त्यानंतर त्यांनी स्वीकारलेले हे पहिलेच आमंत्रण होते.

“सर पहिल्या वर्गात?” शिष्य पत्नीला म्हणाला.

“मग काय झालं? ऐंशी वर्षांच्या माणसानं मधल्या बाकावर चढायचं का?”

“वयाचा प्रश्न नाही, शालन. तीस वर्षं ज्या माणसानं एकदाही...”

“म्हणजे राग आलाय तुम्हांला.”

“राग नाही. वाईट वाटलं.”

“तुमचं वाईट वाटणं ओळखते मी,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या सांभाळत डब्यात चढली.

तिला खालचे बाक मिळाले होते, पण दिवसा ते एकटीचे थोडेच असते? लग्नाला निघालेले एक कुटुंब लाडवांचे डबे घेऊन समोर आणि शेजारी बसले. “वहिनी, जरा सरकता का?” असे म्हणत आणखी एक आजोबा टेकले. शालन सरकत सरकत खिडकीच्या कोपऱ्यात गेली आणि पोटाशी उशी धरून बसली. शिष्य टिपणे वाचत होता. गुरूचा विचार मात्र डोक्यातून जात नव्हता. ज्याच्या पावलावर पाऊल टाकून आपण चाललो, तोच वाट सोडून गेला, असे त्याला वाटत होते.

दुपारी जेवणे झाल्यावर शालन हळूच म्हणाली, “अहो, एक सांगायचं होतं.”

“बोल ना.”

तिने आजूबाजूला पाहिले. समोरच्या बाईचे शेंगा सोलणारे हात थांबले होते. आजोबांनी वर्तमानपत्र जरासे खाली घेतले होते.

“काही नाही,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर सांगते.”

“बरं,” तो म्हणाला आणि टिपणाचे पान उलटले.

चारच्या सुमारास गाडी एका मोठ्या जंक्शनवर थांबली. इंजिन बदलायचे असल्याने अर्धा तास मुक्काम होता. शिष्याच्या मनाने उचल खाल्ली. विचारूनच यावे, असे ठरवून तो फलाटावरून चालत पहिल्या वर्गाच्या डब्याशी गेला.

आत शिरतो तो काय, आचार्य बंद दाराच्या बाहेर, बोळात, डब्याच्या सेवकाच्या घडीच्या आसनावर बसलेले. आणि सेवक बिचारा उभा.

“तुम्ही यांच्यातले का?” सेवकाने शिष्याला विचारले. “मग जरा सांगा यांना. आत दोन बाकांची अख्खी खोली आहे, दुसरा माणूसही आला नाही. स्वच्छ चादरी घालून दिल्या. दोनदा आत नेऊन बसवलं, दोनदा बाहेर आले. सकाळपासून इथंच. मला टेकायला जागा राहिली नाही, ते वेगळंच.”

“तक्रार खरी आहे त्याची,” आचार्य हसून म्हणाले. “ये वामन. शालन बरी आहे ना?”

“बरी आहे.” शिष्य क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “सर, रागावू नका. तुम्ही पहिल्या वर्गाचं तिकीट काढलंत, ते मला समजलं नाही. आणि काढलंत, तर मग असे बाहेर का बसलात, तेही समजत नाही.”

आचार्यांनी काठीची मूठ दोन्ही तळव्यांत धरली.

“तीस वर्षं मी ती रक्कम परत केली, वामन. साधी राहणी म्हणून लोकांनी वाखाणली. राहणी माझी होती, पण मधल्या बाकावर चढताना गुडघे हिचे दुखत. तिकडे टाळ्या पडत, तेव्हा ही तिसऱ्या रांगेत बसून सुजलेले पाय एकमेकांवर घासत असे. मी व्यासपीठावरून बघायचो, आणि मला वाटायचं, हिला कौतुकानं भरून आलंय. माझा त्याग दुसरंच माणूस सोसतंय, हे मला दिसलं नाही. तिनं दाखवलंही नाही.”

सेवक दोन पावले बाजूला सरकून खिडकीबाहेर पाहू लागला.

“आमचा शेवटचा प्रवास असाच व्याख्यानाचा. आठ माणसांत बसलो होतो. ही म्हणाली, ‘एक सांगायचं होतं.’ मी म्हटलं, सांग. हिनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘असू दे. घरी गेल्यावर सांगते.’ घरी गेलो तर पाहुणे आलेले. मग माझ्या पुस्तकाची मुद्रितं आली. मग ती आजारी पडली, आणि शेवटी वाचाच गेली. काय सांगायचं होतं, ते राहून गेलं. कदाचित फार काही नसेलही. दुधाच्या रतिबाचं असेल, सुनेचं असेल. पण आता ते कळायची सोय नाही.”

आचार्यांनी बंद दाराकडे पाहिले.

“म्हणून वाटलं, तीस वर्षं जे नाकारलं, ते नेमकं काय होतं, ते एकदा बघून तरी यावं. बघितलं. गादी जरा रुंद आहे. चहा बरा देतात. बाकी विशेष काही नाही. एक दार आहे, ते आतून लावून घेता येतं. पैसे पडतात ते त्या दाराचे.” आचार्य थांबले. “सकाळी लावून बसलो होतो. समोरचं बाक रिकामं. दहा मिनिटंसुद्धा बसवलं नाही. आता मला ते दार परवडतं, वामन, पण लावून घेऊन बोलायचं कुणाशी?”

बाहेर चहावाला ओरडत गेला. शिष्याला मात्र दुपारचे शब्द ऐकू येत होते. जसेच्या तसे, शालनच्या आवाजात. आणि त्यावर आपण दिलेले उत्तरही. त्याचा हात नकळत सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे गेला.

“सर,” तो म्हणाला, “तिकीट तपासनीस कुठे भेटतील?”

तपासनीस दारातच चहा पीत उभे होते. त्यांनी कागदावर बोट फिरवले. “दोन जागा निघतील. एक या आजोबांच्या समोरची, आणि एक पलीकडच्या चार बाकांच्या खोलीतली. पण नवराबायकोला वेगवेगळं बसावं लागेल, बघा.”

“त्या चौघांत मला टाका,” आचार्य म्हणाले. “कोण आहेत तिथं?”

“दोन व्यापारी आणि एक निवृत्त फौजदार. सकाळपासून पत्ते खेळतायत आणि भांडतायत.”

“उत्तम,” आचार्य म्हणाले. “सेवकालाही त्याचं आसन परत मिळेल.”

शिष्याने पाकीट तिथेच फोडले. एवढ्या ऐनवेळी भाडे वाढलेले. आतली रक्कम पुरली नाही, पदरचे काही घालावे लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो हिशेब लक्षात ठेवावासा वाटला नाही. पावती घेऊन तो फलाटावरून जवळजवळ धावतच निघाला.

शालन कोपऱ्यात तशीच होती. डोळे मिटलेले, पण झोप नव्हती.

“ऊठ. चल.”

“कुठे?”

“पुढच्या डब्यात. जागा मिळाली आहे.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “आणि ते पाकीट?”

“फोडलं.”

“अगंबाई! मग अध्यक्ष सभेत काय सांगणार तुमच्याबद्दल?”

“विषय सांगतील.” त्याने तिची पिशवी उचलली. “सावकाश उतर. घाई नाही.”

घाई होती. ते डब्यात चढले आणि गाडी सुटलीच. आचार्य आपली पिशवी घेऊन पलीकडच्या खोलीत गेले होते. जाताना समोरच्या बाकावरची चादर त्यांनी हाताने नीट केली होती, असे सेवकाने सांगितले.

शालन आत आली आणि सवयीने अगदी कडेला, खिडकीच्या कोपऱ्यात बसली. शेजारी तिघांची जागा तिने मोकळी सोडली होती. शिष्याने दार लावून घेतले. चाकांचा आवाज एकदम लांब गेला.

भिंतीपलीकडून पत्त्यांचा कलकलाट येत होता. कुणीतरी डाव चुकल्याबद्दल कुणावर तरी ओरडत होते. त्या आवाजांत आचार्यांचा आवाज नव्हता.

“दुपारी तू काही सांगणार होतीस,” शिष्य म्हणाला.

“घरी गेल्यावर सांगते म्हटलं ना.”

“आत्ता सांग.”

तिने पोटाशी धरलेली उशी बाजूला ठेवली. कलते ऊन तिच्या हातांवर आले होते.

“परवा मी डॉक्टरांकडे जाऊन आले,” ती म्हणाली. “एकटीच.”

शिष्य उठला आणि तिने मोकळ्या सोडलेल्या जागेत, तिच्या अगदी जवळ जाऊन बसला. टिपणांची वही पिशवीतच राहिली. गाडीला अजून पुष्कळ पल्ला गाठायचा होता.