ओढ्यापलीकडची निरगुडी

“त्या दिवशी तुम्ही मला फोडून काढलं नसतं गुरुजी, तर मी आज कुठं असतो?”

जालिंदर सरांनी प्रश्न विचारला खरा, पण त्यांना उत्तर नको होतं. गुरुजींनी मान डोलवावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सखाहरी गुरुजी पडवीत बाजेवर बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होते. त्यांची मान काही डोलली नाही.

“दाखव,” ते म्हणाले.

“काय दाखवू?”

“भाषणात सांगतोस ना... गुरुजींच्या छडीचा वळ अजून तळहातावर आहे म्हणून. माझ्या कानावर येतं सगळं. बघू तरी.”

जालिंदर सर हसले आणि त्यांनी हात पुढे केला. गुरुजींनी सूप बाजूला सारलं, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, हात उजेडाकडे वळवला आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा बराच वेळ न्याहाळला.

“मला तर काही दिसत नाही,” असं म्हणून ते पुन्हा शेंगांकडे वळले.

जालिंदर सर म्हणजे काही साधी आसामी नव्हती. तालुक्याच्या मोठ्या शाळेचे ते मुख्याध्यापक. ते फाटकातून आत शिरले की व्हरांड्यातली गडबड आपोआप वर्गात जाऊन बसायची. बाकीच्या शाळांचे मास्तर त्यांची प्रार्थनेची रांग बघायला यायचे आणि मान हलवत परत जायचे. या सगळ्याचं श्रेय सर एकाच माणसाला देत. कुठंही बोलायला उभे राहिले की पहिलं नाव सखाहरी गुरुजींचं निघायचं, मग निरगुडीच्या छडीची गोष्ट यायची. ही भक्ती खोटी नव्हती. गुरुजींवर त्यांचा मनापासून जीव होता.

म्हणूनच तर आज ते भर उन्हात गाडी काढून गावी आले होते.

झालं होतं असं, की गेल्या आठवड्यात ऐन प्रार्थनेत सातवीतला समाधान नावाचा मुलगा मोठ्यानं हसला. सर तिथंच उभे होते. साऱ्या शाळेदेखत त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगं रडलं नाही, बोललं नाही. दप्तर उचलून फाटकातून चालतं झालं, ते पुन्हा शाळेत आलेलंच नाही. दोन दिवसांनी त्याचा बाप आला. त्यानं आरडाओरडा केला असता तर सरांना बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, पोरगं शाळेत येत नाही म्हणतंय, मी काय करू?

मग संस्थेच्या लोकांनी सरांना बोलावलं. पोराच्या घरी जा, झालं ते चुकलं म्हणा आणि त्याला शाळेत घेऊन या, नाहीतर खुर्ची सोडा. काय ते उद्याच्या बैठकीत सांगा, असं त्यांनी बजावलं.

सरांनी खुर्ची सोडायचं ठरवलं होतं. फक्त जाताना मान ताठ ठेवायची, तर गुरुजींचा एक शब्द पाठीशी हवा होता.

हे सगळं त्यांनी गुरुजींना एका दमात ऐकवलं. छडी कधीच गेली, मग अंगठे धरायला लावणं गेलं, बाकावर उभं करणं गेलं. आता पोरावर नुसता आवाज चढवला तरी संध्याकाळपर्यंत पालकांच्या मोबाइलवर बोभाटा होतो. पोरांना मास्तरांचा धाक उरला नाही आणि मास्तरांना पोरांचाच धाक बसलाय. बोलता बोलता सरांचा चेहरा लाल झाला.

“तुमच्या वेळी असं होतं का गुरुजी? तुमचा नुसता आवाज आला तरी आम्ही...”

गुरुजींनी एक शेंग मोडली.

“राग आल्यावर हात उठायला किती वेळ लागला?”

“वेळ कसला लागतोय... लगेच.”

“हं.”

गुरुजींनी आणखी दोन-चार शेंगा मोडून सुपात टाकल्या.

“जा,” गुरुजी म्हणाले. “निरगुडीचा फोक काढून आण.”

सरांना आधी ती थट्टा वाटली. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि या वयात फोक काढायला जायचं? पण आवाज तोच होता. डोक्यानं काही ठरवायच्या आत पाय उठून उभे राहिले होते. मग त्यांच्या मनात आलं, गुरुजी आपल्याला आपल्या हातानं छडी देणार. उद्या बैठकीत ती टेबलावर ठेवायची आणि निघायचं. त्यांना एकदम बरं वाटलं.

गुरुजींचं घर जुन्या शाळेला लागूनच होतं आणि कुंपणालाच निरगुडी माजली होती. सरांनी चांगला सरळसा फोक बघून मोडून आणला.

“हा नाही,” गुरुजी न बघताच म्हणाले.

“निरगुडीचाच आहे.”

“ओढ्यापलीकडचा.”

“पण गुरुजी, झाड तेच, पाला तोच. कुंपणाची काय वाईट आहे?”

“तेव्हाही ती कुंपणाला होती. तेव्हा नाही विचारलंस.”

गुरुजींच्या सूनबाईंनी आतून विळा आणून दिला. तो घेऊन सर निघाले.

टेकाड उतरेपर्यंत त्यांचं डोकं तापलेलंच होतं. उद्या बैठकीत काय बोलायचं ते मनात घोळत होतं आणि एकेक वाक्य असं धारदार सुचत होतं, की त्यांनी हातवारेही करून पाहिले. बांधावरची एक म्हैस रवंथ थांबवून बघायला लागली, तसे त्यांनी हात खाली घेतले.

ओढ्याशी आल्यावर बूट काढावे लागले. पाणी पोटरीएवढंच होतं, पण खालचे दगड शेवाळलेले. एकेक पाऊल चाचपून टाकावं लागत होतं. अशा वेळी माणसाला रागावता येत नाही, पडायची भीती असते. पैलतीराला लागेपर्यंत सरांची ती धारदार वाक्यं कुठं गळून पडली, त्यांनाच कळलं नाही.

निरगुडीची झुडपं होती तिथंच होती. सर विळा हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांना त्या दिवशीचा चौथीतला जालिंदर आठवला.

आदल्या दिवशी त्यानं मोठा पराक्रम केला होता. गुरुजी केंद्रशाळेत गेलेले बघून भर दुपारी शाळा सुटल्याची घंटा देऊन टाकली होती. सगळी शाळा ओरडत घरी पळाली. गुरुजी परतले तेव्हा वर्गात एक मांजर तेवढं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला उभं केलं. ओठ पांढरे पडलेले, आवाज मात्र हळू. जा, फोक काढून आण.

मग हीच वाट, हाच ओढा. झुडपापाशी येऊन जालिंदर किती वेळ घोळत राहिला होता. वाळका फोक नेला तर गुरुजी परत पाठवणार. बारीक नेला तर सपकन लागणार, जाड नेला तर ठणकणार. तेवढ्यात पळून जायचाही विचार करून झाला. मग रडून झालं. शेवटी त्यानं एक बरासा फोक कापला, डोळे पुसले आणि परत फिरला.

वर्गात येऊन त्यानं फोक दिला. हात पुढे केला. डोळे मिटले.

आणि...

सर थबकले. खिशात ठेवलेली वस्तू सापडू नये आणि माणसानं सगळे खिसे पुन्हा पुन्हा चाचपावेत, तसं त्यांनी मन चाचपलं. हात पुढे केलेला आठवत होता. मिटलेले डोळे आठवत होते. फटका आठवेना.

त्याच्या जागी गुरुजींचा आवाज आठवला. “आता सांग. घंटा का दिलीस?”

“घरी म्हैस व्यायला झाली होती गुरुजी.”

“मग? काय झालं?”

“रेडी झाली.”

“अस्सं... बस जागेवर. उद्यापासून घंटा तू द्यायची. वर्षभर. एक दिवस चुकायचं नाही.”

तो चुकला नव्हता. अंगात ताप असतानाही घोंगडी पांघरून घंटा द्यायला गेला होता. त्या वर्षापासून त्याला वेळेची चटक लागली, ती आजतागायत सुटलेली नव्हती. लोक आता सरांच्या शाळेकडे बघून घड्याळं लावत, ती शिस्त त्या घंटेतून आलेली. आणि गावोगाव भाषणांत श्रेय मिळत गेलं ते कधीच न बसलेल्या फटक्याला.

सर मटकन खाली बसले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

मग त्यांना समाधान आठवला. पोरगं हसलं कशाला असेल? गेला आठवडाभर सगळ्यांनी एकमेकांना कायदा सांगितला, शिस्त सांगितली, ही एवढी गोष्ट मात्र कुणीच विचारली नव्हती. त्यांनीही नाही.

एक फोक कापून ते परतले. येतानाही ओढा होताच.

गुरुजींनी फोक हातात घेतला, पाला ओरबाडून काढला आणि उठून भिंतीकडे गेले. तिथं घेवड्याचा वेल आधार नसल्यानं एका बाजूला लोळला होता. फोक जमिनीत रोवून ते सुतळीनं वेल बांधायला लागले. शेजारी आणखी कितीतरी फोक रोवलेले होते, सगळे निरगुडीचे. जुन्या शाळेमागेही असाच कारल्याचा मांडव होता, तो कशाकशानं उभा राहिला असेल हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं.

“गुरुजी... तुम्ही मला मारलंच नव्हतं.”

गुरुजी गाठ मारत होते.

“मी इतकी वर्षं लोकांना भलतंच सांगत आलो. तुम्ही एकदाही टोकलं नाहीत.”

“वाटायचं, तुझं तुलाच आठवेल कधीतरी.”

“तुम्हाला राग नव्हता आला?”

गुरुजींचे हात थांबले.

“राग? मला फार राग यायचा जालिंदर. तू घंटा दिलीस त्या दिवशी मी थरथरत होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी तुला समोर उभं केलं तेव्हा हातात काही असतं, तर तुझं काय केलं असतं देव जाणे.”

“मग?”

“ओढा लांब होता.”

सरांचे डोळे भरून आले. ज्या माणसाला त्यांनी आयुष्यभर देवासारखं मानलं होतं, तो त्यांच्याइतकाच रागीट होता. आणि तरी शाळेतल्या एकाही पोराच्या अंगावर त्यानं तो राग काढला नव्हता. पोरगं ओढ्यापलीकडून परतेपर्यंत त्यानं तो सगळा निवू दिला होता. सर वाकले आणि त्यांनी गुरुजींच्या मातीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. आजवर किती वेळा नमस्कार केला असेल, पण असा कधी केला नव्हता.

“छडी काढून घेतली, ते बरं केलं म्हणायचं तर,” उठताना ते पुटपुटले. “पण आमच्या शाळेजवळ ओढा नाही गुरुजी.”

वेलाचा लोंबता शेंडा गुरुजींनी अलगद फोकाला टेकवला.

“पोराचं घर कुठं?”

“खडकवाडीला. डोंगराच्या अंगाला.”

“का हसलं होतं?”

“माहीत नाही... विचारलंच नाही मी.”

सरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. त्यांना आता एक क्षणही थांबवत नव्हतं. आत्ताच जातो, त्याच्यासमोर बसतो, चुकलं म्हणतो, हसण्याचं कारण विचारतो, आणि आला तर उद्या बरोबरच घेऊन जातो, असं ते भडाभडा बोलत सुटले. गाडीनं गेलं तर पाव तासात पोचेन, असंही म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि शेंगांच्या सुपात टाकली.

“गाडी इथं राहू दे,” ते म्हणाले. “चालत जा. ऊन उतरायच्या आत पोचशील.”