धोंड्यावरची सुई

“म्हणजे माझं होकायंत्र खोटं आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

ठकूबुवा मरगळे तळहातावरच्या तंबाखूला चुना लावत होते.

प्रश्न विचारणारे निमकर सर त्याच काळ्या धोंड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, गळ्यात नकाशाची प्लॅस्टिकची पिशवी. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. नकाशावाचन हा त्यांचा हातखंडा विषय. डोंगरात हिंडणाऱ्या पोरांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. आणि आज, जन्मात नकाशा न उलगडलेला एक धनगर म्हातारा त्यांना सांगत होता की इथं त्या सुईच्या नादाला लागू नका.

“खोटं न्हाई, मास्तर,” ठकूबुवा सावकाश म्हणाले. “सुई गरीब हाय. जवळ जो बसंल, त्याचं ऐकती.”

सरांना हे बोलणं आवडलं नाही. पण म्हाताऱ्याशी वाद घालायला ते आले नव्हते. ते एक जागा शोधायला आले होते.

दिवाळीनंतर त्यांची ही चौथी खेप. पहिल्या तीन खेपांना ते एकटेच आले. सोबत घडीचा नकाशा होता, होकायंत्र होतं, आणि मुलानं परदेशातून पाठवलेलं, उपग्रहावरून जागा दाखवणारं छोटं यंत्रही होतं. तिन्ही वेळा यंत्रानं त्यांना अचूक त्या बिंदूवर नेऊन उभं केलं. तिन्ही वेळा तिथं नुसती कारवीची झुडपं माजलेली होती. फाटा नव्हता, झरा नव्हता, काही नव्हतं.

शेवटी खालच्या पाचघर गावात कुणीतरी म्हणालं, वरच्या धनगरवाड्यावर ठकूबुवा आहेत, त्यांना विचारा. या डोंगराची प्रत्येक घळ त्यांना नावानं ओळखते.

सकाळी वाड्यावरून निघताना सरांनी होकायंत्र काढून त्यांच्यापुढं नकाशा पसरला. ठकूबुवांनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं, एखाद्याच्या नातवाचा फोटो बघावा तसं, आणि काठी उचलून ते चालू लागले.

वाटेत त्यांनी सरांना फार छळलं. दर वळणावर थांबायचं आणि म्हणायचं, “मागं बघा.”

सर दोनदा वळले. तिसऱ्यांदा म्हणाले, “अहो, आपल्याला पुढं जायचंय ना?”

“जायाचंय. पर येताना हीच वाट दुसरी दिसती. जो मागं बघत न्हाई, त्याला येताना वाटतं, आपुन हितं कधी आलोच न्हाई.”

मग थोड्या वेळानं त्यांनी त्या उपग्रहाच्या यंत्राची चौकशी केली. याला काय लागतं? सेल लागतो, सर म्हणाले. सेल संपला तर? दुसरा घालायचा. माणसांची वाट कुठली आणि ढोरं चरायला जातात ती कुठली, हे याला कळतं का? नाही, तेवढं कळत नाही. ठकूबुवांनी मान डोलावली. “बरं हाय. मग आमचं बी पोट चालंल.”

सर मनाविरुद्ध हसले होते.

एका उतारावर दम खाताना म्हाताऱ्यानं आपणहून एक रीत सांगितली. धनगरांची जुनी रीत. रानात दोघांची ताटातूट झाली, तर दोघांनी एकमेकांना हुडकत हिंडायचं नाही; जन्मभर गाठ पडत नाही. ज्याची वाट चुकली त्यानं, दोघं शेवटी जिथं एकत्र होते तिथंच बसून राहायचं. ज्याची वाट बरोबर, तो परत येतो.

“आणि कोण चुकलंय हेच ठरत नसेल तर?” सरांनी विचारलं. प्रश्न त्यांनी वर्गात एखाद्या पोरानं विचारावा तसा, अडवण्यासाठी विचारला होता.

ठकूबुवा हसले. “मग ज्याचा राग आधी उतरंल, त्यानं बसायचं.”

सरांनी गुडघ्यांचे पट्टे आवळले आणि ते उठले.

आणि आता हा धोंडा. म्हातारा इथं येऊन बसला तो बसलाच. अर्धा तास होत आला. सरांच्या यंत्रात तो बिंदू अजून पाऊण किलोमीटर डावीकडं, कारवीच्या धारेवर लुकलुकत होता. समोर दोन वाटा फुटलेल्या दिसत होत्या, पण अशा वाटा या डोंगरात पावलोपावली फुटतात. खाली कुठंतरी पाण्याचा बारीक आवाज येत होता.

“बुवा, ऊन चढतंय. निघू या का?”

“कुटं?”

तेव्हा सरांनी सांगितलं. इतकी वर्षं नावानिशी कुणाला न सांगितलेलं त्या परक्या माणसाला सांगितलं.

अडतीस वर्षांपूर्वी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ सुधन्वा हा घाट उतरत होते. दाट धुकं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. एके ठिकाणी वाट फुटली. सरांनी होकायंत्र लावलं आणि म्हणाले, डावीकडं. सुधन्वा म्हणाला, दादा, पाण्याचा आवाज उजवीकडनं येतोय, गाव पाण्याच्या अंगाला असणार. शब्दानं शब्द वाढला. सर म्हणाले, तुला कानांवर जायचं असेल तर जा, मी शास्त्रावर जातो. आणि ते डाव्या वाटेनं उतरू लागले. मागं वळून पाहिलं नाही. येईलच मागनं, अशी त्यांची खात्री होती. डबा त्यांच्याच पिशवीत होता.

तो आला नाही.

सर खाली उतरले ते पाचघरला. जायचं होतं दुसऱ्याच गावात, पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, नकाशा जुना आहे. दोन तास त्यांनी वाट बघितली. मग वाटलं, तो दुसऱ्या गावातून केव्हाच पुढं गेला असणार. संध्याकाळची एसटी पकडून ते घरी आले.

सुधन्वा चौथ्या दिवशी आला. अंगात ताप होता. आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, “मीच चुकलो.”

“ही गोष्ट मी पुढं निवृत्त होईपर्यंत वर्गात सांगितली,” सर म्हणाले. “नाव न घेता. एका माणसानं होकायंत्र सोडून कानांवर विश्वास ठेवला, आणि तीन दिवस रानात भटकला. पोरं हसायची.”

ठकूबुवा ऐकत होते.

त्यानंतर सुधन्वा कधी डोंगरात आला नाही. भांडण असं नव्हतं. नोकरीनिमित्त जबलपूरला गेला, तिथलाच झाला. पत्रं आधी पानभर यायची, मग दिवाळीपुरती. गेल्या आषाढात तो वारला. त्याच्या आधी महिनाभर त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून मधेच म्हणाला, दादा, त्या फाट्यावर परत कधी गेलास का रे?

“मी म्हणालो, कशाला?” सर थांबले. “खरंच तसं म्हणालो. कशाला.”

वारा सुटला तशी खालून वाळल्या गवताची सळसळ आली.

त्या दिवशीच्या टिपणांची वही सरांनी जपून ठेवली होती. त्यात सगळं होतं: फाट्यावर धरलेली दिशा, चालायला लागलेला वेळ, उतार. पाचघरपासून उलटी दिशा धरून त्यांनी फाट्याची जागा नकाशावर काढली होती. तीनतीनदा तपासली होती. आकडेमोडीत चूक नव्हती.

“मला फक्त तिथं एकदा उभं राहायचंय,” ते म्हणाले. “बाकी काही नाही.”

ठकूबुवांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. हात झटकले.

“त्या दिशी यंत्र कसं धरलं हुतं, मास्तर?”

“धरलं नव्हतं. हातात सुई थरथरते. म्हणून ते नेहमी सपाट जागी ठेवायचं असतं, एखाद्या दगडावर. मी मुलांनाही तेच…”

“दावा बरं.”

सरांनी पिशवीतून होकायंत्र काढलं. पितळेचं, जुनं; त्या दिवशीचंच. दोघांच्या मधे, काळ्या धोंड्यावर त्यांनी ते सपाट ठेवलं. सुई हेलकावली, थरथरली, स्थिर झाली. सवयीनं त्यांनी आकडा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

वहीतला आकडा होता तो. सुई उत्तर जिथं दाखवत होती तिथं उत्तर नव्हतीच, तिकडं तर सूर्य होता, लहान पोरालाही कळलं असतं.

“आता उचला,” ठकूबुवा म्हणाले.

सरांनी होकायंत्र उचलून छातीशी धरलं. सुई एखाद्या माणसानं झोपेत कूस बदलावी तशी संथपणे फिरली आणि पार दुसरीकडं, खऱ्या उत्तरेला जाऊन थांबली.

पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा फिरली.

“ह्या धोंड्यावर वीज पडली हुती,” ठकूबुवा म्हणाले. “माझ्या आज्याच्या टायमाला. आमचा बाप बी हितं बसायचा तर कमरंचा कोयता काढून लांब ठिवायचा. म्हणायचा, ह्यो धोंडा लोखंडाला नादी लावतो.”

वीज पडलेल्या काळ्या पाषाणात चुंबकत्व येतं. सरांना हे ठाऊक होतं. परीक्षेला हे कधी येत नसे म्हणून वर्गात ते एका वाक्यात उरकत असत.

त्यांनी समोर बघितलं. दोन वाटा. डावी आणि उजवी. उजवीच्या अंगानं पाण्याचा आवाज येत होता. तो मघापासून येतच होता.

“हीच जागा,” ते म्हणाले.

ठकूबुवांनी होकारार्थी मान हलवली.

“तुम्हाला ठाऊक होतं? मघापासून?”

“सकाळी वाड्यावर तुमी यंत्र काढलं, तवाच वळखलं. त्यानं सांगितलं हुतं. दादाकडं पिवळं यंत्र हाय, जिवापल्याड जपतो, म्हणला.”

सरांना त्याचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला.

“तो तुम्हाला भेटला होता.”

“हितंच. तुमी बसलाय तितं. म्यां म्हशी घिऊन आलो, तर ह्यो पोरगा धुक्यात एकटा. पानी हुतं त्याच्यापाशी, खायाला काय नव्हतं. भाकर आणून दिली. म्हणलं, चल वाड्यावर. तर न्हाई म्हणला. दादा येणार हाय.”

“म्हणजे तो भटकला नाही.”

“एक पाऊल न्हाई.”

सरांनी धोंड्यावर हात ठेवला. ऊन असूनही तो आतून गार लागत होता.

मग ते जणू स्वतःशीच हिशेब मांडत असल्यासारखे बोलू लागले. पण त्याचं तर बरोबर होतं. वाट उजवीकडचीच होती. त्याला आवाज येत होता, तासाभरात तो गावात पोचला असता. चुकलेल्यानं बसायचं, अशी रीत आहे ना तुमची? चुकलो तर मी होतो. मग तो का बसला?

ठकूबुवांनी त्यांच्याकडं बघितलं.

“चुकलेला थांबलाच न्हाई, मास्तर. कुनी तरी बसाया पायजे हुतं का न्हाई?”

सरांच्या हातातलं यंत्र लुकलुकत होतं. पाऊण किलोमीटर, डावीकडं. त्यांनी ते बंद केलं. होकायंत्र मात्र धोंड्यावर तसंच राहू दिलं. मग फडक्यातली भाकरी काढली, अर्धी ठकूबुवांपुढं ठेवली आणि उरलेली हातात धरून बसले. घास काही घेतला नाही.

ऊन डोक्यावरून ढळलं. सर गुडघ्यांवर हात रेटून उठू लागले.

“बसा की,” ठकूबुवा म्हणाले.

“कुणासाठी बसू, बुवा?” सर म्हणाले. “आता कोण येणार आहे?”

ठकूबुवा उजवीकडच्या वाटेकडं बघत होते.

“त्याच दिशी सांजंला पाचघरला एश्टीत चढताना म्यां तुमाला बघितलं हुतं, हातात ह्येच पिवळं यंत्र,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिशी सकाळीच त्याला यिऊन सांगितलं. त्याच्यानंतर दोन दिस बसला तो.”