सरांचा चष्मा

दंतमहाविद्यालयातले डॉक्टर खांडेपारकर सर कुणाचंच ऐकून घेत नसत. निलोफरबाईंचे दात साफ करताना त्यांनी स्टीलच्या टोकाचं गुणगुणणारं यंत्र पुढच्या दाताकडे वळवलं. त्या दाताला त्याच्याच रंगाचं फिलिंग होतं. शेजारी उभी शिकाऊ अनुजा पुढे झाली.

"सर, फिलिंगवर ओरखडे पडतील. मग चहाचे डाग धरतात."

"तीस वर्षं हेच करतोय. काही होत नाही."

"सर, तुमच्या चष्म्यावर शिंतोडे उडालेत. द्या, याच टोकाने खरवडून काढते."

सरांनी झटकन चष्मा दाबून धरला. "वेडी आहेस का? प्लास्टिकच्या काचा आहेत, ओरखडे पडतील."

"फिलिंगही त्याच जातीचं आहे, सर. फरक इतकाच, ते बदलायचं तर बाईंचा दात पुन्हा कोरावा लागेल."

सरांचा पाय यंत्राच्या पेडलवरून निघाला. गुणगुण थांबली.