पंधराव्या घराची पाळी

आज त्या राज्याचं नावही कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी एका गावच्या चावडीवर भांडण जुंपलं होतं.

"खबर खरी होती की खोटी?" पाटील विचारत होता.

"खरी होती," टेकाडावरची धुरपा म्हणाली.

"मग भांडतेस कशाला?"

"खरी होती म्हणूनच भांडते. खोटी असती तर घरी बसून रडले असते."

पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, हे भांडण कशाचं ते आधी ऐका. त्या राज्यात एक आभाळ वाचणारा होता. वारा, ढग, मुंग्यांची वारुळं आणि मागच्या चाळीस पावसाळ्यांच्या नोंदी पाहून तो पावसाचा अंदाज बांधी. पेरणीआधी राजाचे स्वार ती खबर गावोगाव पोचवत. त्या वर्षीची खबर अशी होती: दोन सरी येतील, दोन्ही फसव्या. खरा पाऊस महिन्यानं. तोवर पेरू नका.

पण या गावात खबरीला मान होता. पहिल्या दिवशी ती पाटलाच्या घरी सांगायची. स्वाराला पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, जेवू घालायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिसऱ्या दिवशी तिसरं. एका दिवशी एकच. वरच्या घरानं खालच्याला आधीच सांगून टाकलं, तर मधल्या साऱ्या घरांचा अपमान. घरं होती पंधरा. धुरपाचं चौदावं.

पाचव्या दिवशी पहिली सर आली. धुरपानं होती नव्हती ती बाजरी पेरून टाकली. चौदाव्या दिवशी स्वार तिच्या दारी आला, तेव्हा कोंब करपून गेले होते.

आता खऱ्या पावसाचे ढग डोंगरावर येऊन बसले होते आणि तिच्या घरात मूठभर बी नव्हतं. म्हणून ती रिकामी टोपली घेऊन चावडीवर आली होती.

"तुमची जमीन काळी," ती म्हणाली. "एका सरीची ओल पंधरा दिवस धरते. माझं रान मुरमाड. ओल दोन दिवस टिकत नाही, सर पडली की पेरायला धावावंच लागतं. ज्याला थांबायला सवड त्याला खबर पहिल्या दिवशी, आणि जिला नाही तिला चौदाव्या. असला मान चुलीवर शिजत नाही, पाटील."

"तोंड सांभाळ, धुरपे. ही रीत माझ्या आज्यानं घातलीय."

"मग आज्यालाच विचारा, माझं बी कुठं ठेवलंय."

दोघेतिघे हसले. धुरपाला चेव आला. "पहिली सर पडली त्या दिवशी तुमच्या दारावरून गेले मी. औत भिंतीला टेकवलेलं. पाटलीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, बैल दमलेत. पाच घरांना ठाऊक होतं, आणि मी वेड्यासारखी पेरणीची पाभर धरून धावत होते. टोपलीभर बी द्या. भीक नाही, भरपाई मागते."

पाटील हळूच म्हणाला, "देतो. एवढंच सांग, पंधराव्या घराला तू कधी सांगितलंस?"

धुरपाचा हात टोपलीवरच राहिला.

पंधराव्या घरात एक नवरा-बायको राहत, गावात नवीनच आलेली. त्यांचा एक बैल आणि धुरपाचा एक, अशी जोडी करून दोन्ही घरांचं औत चाले. पहिल्या सरीला जोडी धुरपाच्या रानात होती. त्यांची पाळी येईतो ओल उडाली, म्हणून त्यांचं बी वाचलं होतं. चौदाव्या दिवशी सकाळी दुसरी सर आली. ती दोघं बैल न्यायला आली, तेव्हा स्वार पाटावर बसून गूळपाणी पीत होता आणि खबर धुरपानं नुकतीच ऐकली होती.

तिनं बैलाचं दावं आपल्या हातानं त्यांच्या हाती दिलं. वर्षातला तो एकच दिवस मान तिचा होता. त्यांना उद्या कळणारच होतं. दारात उभी राहून तिनं त्यांची पाभर चालताना पाहिली.

आठ-दहा दिवसांत तेही रान करपलं. कालच ती दोघं आपला बैल घेऊन गाव सोडून गेली. आता धुरपाच्या गोठ्यात एकच बैल होता. एका बैलानं औत चालत नाही, आणि खऱ्या पावसात कुणी आपला बैल दुसऱ्याला सोडत नाही. टोपली भरून मिळाली असती, तरी त्या वर्षी टेकाड उघडंच राहणार होतं. राहिलंही.

चावडीच्या छपरावर टपोरे थेंब वाजू लागले. माणसं औतांकडे पळाली. पाटीलही उठला. धुरपानं टोपली तिथंच उपडी ठेवली आणि म्हणाली,

"राहू द्या, पाटील; तुम्ही मला जाळलंत, मी त्यांना जाळलं, कारण पावसाची खबर जो मानापायी एक दिवसही अडवून ठेवतो, तो शेजाऱ्याचं रान आपल्या हातानं जाळतो."